प्रदर्शनाला जाताना टेप बरोबर घ्या

सोयगावहून आम्ही बोलतोय, गोधड्या आणि अभ्रे शिवणाऱ्या बाया.

आजच्या भाषणाला विषय मिळाला तो असा: इंटेरिअर डिझायनर लोकांनी व्यापारी प्रदर्शनाला जावं का, आणि गेल्यानं काय फायदा होतो. विषय ऐकल्यावर आमच्यातली एक म्हणाली, "अगं, आपला काय संबंध? आपण काय बंगले सजवतो का?" हसलो सगळ्या. मग दुसरी म्हणाली, "संबंध नसता तर तुझा लाल पडदा परत आला असता का?" त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

तर आधी संबंध सांगतो, मग पडद्याची गोष्ट.

इंटेरिअर डिझायनर म्हणजे घराच्या आतली मांडणी ठरवणारी बाई किंवा बाप्या. भिंतीला रंग कोणता, ओटा कसा, कपाट कुठं, दिवा कुठं, खिडकीला पडदा कसला, हे सगळं ती व्यक्ती ठरवते. घराचंच नाही, हॉटेलाचं, दवाखान्याचं, ऑफिसचंही. ती स्वतः रंधा मारत नाही की सुईत दोरा ओवत नाही. ती निवडते. आणि तिनं काय निवडलं यावर सुताराची, कुंभाराची, विणकराची आणि आपल्यासारख्या शिवणारणींची चूल अवलंबून असते. एका घरातली बाई आपल्याकडून एक गोधडी घेते. तीच गोधडी एखाद्या डिझायनरच्या मनात भरली, तर ती एका हॉटेलाच्या वीस खोल्यांसाठी वीस मागते.

आता आमची फजिती. काही वर्षांपूर्वी आम्ही एका विक्री प्रदर्शनात गाळा लावला होता. तिथं शहरातले एक गृहस्थ आले. ते एका लॉजचं आतलं काम करत होते. गोधड्या त्यांना आवडल्या. २४ अभ्रे, ६ पडदे आणि ४ गोधड्या, अशी ऑर्डर तोंडी देऊन गेले. आम्ही आनंदानं वेड्या व्हायच्या बाकी होतो. गटाच्या निधीतून कर्ज उचललं, कापड आणलं, आणि अकरा घरांत रात्री दिवा लावून शिवण सुरू झालं.

अकरा घरं म्हणजे अकरा टेप. कुणाचा सासूच्या काळातला, ताणून ताणून लांबलेला. कुणाच्या टेपाचा पहिला इंचच तुटलेला. सोळा इंची अभ्रा सांगितला होता, एकीचा साडेपंधरा भरला तर दुसरीचा साडेसोळा. दाराचा पडदा म्हणाले होते, तो आम्ही आमच्या दाराला लावून मापला. आमची दारं सहा फुटांची. बाजारात दाराचा पडदा सात फुटांचा धरतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. लाल कापडाचा रंग पहिल्याच धुण्यात सुटला आणि त्यांच्या पांढऱ्या चादरी गुलाबी झाल्या. अर्धा माल परत आला. उरलेल्या अर्ध्याचे पैसे आज देतो, उद्या देतो करत आलेच नाहीत. हातात कागद नव्हता, इसार घेतलेला नव्हता. गटाचं कर्ज मात्र खरं होतं. त्याचे हप्ते आम्ही कपाशी वेचायच्या मजुरीतून फेडले. दोघीजणी गट सोडून गेल्या. त्या अजून समोरून आल्या तर मान फिरवतात.

त्या माणसानं पैसे बुडवले हे खरं. पण आमचा माल चुकला होता हेही खरं, आणि ते कबूल करायला आम्हाला वर्ष लागलं.

आमच्यातल्या एकीची लेक संभाजीनगरला इंटेरिअरचा डिप्लोमा करून आलीय. सोयगाव, शेंदुर्णी, पाचोरा या भागात नवी घरं बांधणाऱ्यांची आतली कामं ती घेते. तिनं आमची ही कहाणी ऐकली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही प्रदर्शनात नेहमी गाळ्याच्या आतून बसता. एकदा बाहेरून बघा. माझ्याबरोबर चला, आणि विकायचं काहीच नेऊ नका."

इथं थोडं थांबून एक फरक सांगायला हवा, कारण 'प्रदर्शन' म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं एकच चित्र येतं. मुंबईत 'उमेद' अभियानाचं महालक्ष्मी सरस भरतं, पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते. तिथं आपण माल मांडतो, गिऱ्हाईक येतं, पैसे देतं, पिशवी घेऊन जातं. ही झाली विक्री प्रदर्शनं. त्यांचा आपल्याला फार आधार आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण व्यापारी प्रदर्शन वेगळं. तिथं सहसा सुटी विक्री नसते. माल बनवणारे आपापले नमुने मांडतात आणि दुकानदार, डिझायनर, हॉटेलवाले बघायला येतात. कापड हातात घेतात, भाव विचारतात, कार्ड देतात, नमुन्याचा तुकडा मागतात. खरेदी नंतर होते, कागदावर. ज्याला काही विकत न्यायचं आहे त्याला तिथं कंटाळा येईल, आणि लहान लेकरं घेऊन जायला तर बहुतेक ठिकाणी मनाईच असते.

आम्ही गेलो ते 'एचजीएच इंडिया' नावाचं प्रदर्शन. घरात लागणारं कापड, चादरी, पडदे, गालिचे, भांडी, शोभेच्या वस्तू यांचं हे व्यापारी प्रदर्शन २०१२ साली मुंबईत सुरू झालं. गोरेगावला नेस्कोच्या मोठ्या दालनांत ते भरतं, पावसाळ्यात, जुलैच्या सुमारास.

जुलै म्हटल्यावर गटात कडाक्याचं भांडण झालं. ऐन निंदणीचे दिवस. एका बाईची चार दिवसांची मजुरी बुडते, वर गाडीभाडं, आणि आणायचं काय तर म्हणे बघून यायचं! एकीचे मालक म्हणाले, "बघायचंच असेल तर अजिंठा लेणी आपल्याच तालुक्यात आहे, ती बघा." शेवटी असं ठरलं की तिघींनीच जायचं, भाडं गटानं द्यायचं, मजुरी ज्यांची त्यांनी सोसायची, आणि आल्यावर बाकीच्यांना सगळं सांगायचं. हे भाषण त्याच सांगण्याचा भाग समजा.

जायच्या आधी नाव नोंदवावं लागतं. व्यापारी म्हणून नोंद करायची तर व्हिजिटिंग कार्ड मागतात. गावातल्या छापखान्यात शंभर कार्डं छापून घेतली. गटाचं नाव, काय बनवतो ते, मोबाईल नंबर. 'पद' या जागी काय लिहायचं यावर अर्धा तास गेला. तिघींनी तीन पदं लिहिली, ती इथं सांगत नाही. एसटीनं पाचोरा, पाचोऱ्याहून रात्रीची गाडी, पहाटे दादर, तिथून लोकलनं राम मंदिर स्टेशन. जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मधलं हे स्टेशन २०१६च्या शेवटी सुरू झालंय. नेस्कोला जायला तेच सोयीचं पडतं, हे कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगितलं.

आत गेल्यावर पहिला तास नुसता घाबरण्यात गेला. एवढाली दालनं, एवढाले दिवे, सगळीकडे इंग्रजी पाट्या. पोरगी म्हणाली, "मावशी, गाळे बघू नका. माणसं बघा. माझ्यासारख्या डिझायनर आल्यात ना, त्या काय करतात तेवढं बघा." मग आम्ही एका पडद्याच्या कापडाच्या गाळ्याशेजारी उभ्या राहिलो, चांगला अर्धा तास.

एक बाई आली. गळ्यात चष्मा, खांद्याला झोळी. कापडाचा कोपरा मुठीत घट्ट चुरगाळला आणि सोडला. चुरगळल्याची घडी राहते की जाते ते बघितलं. मग कापड उजेडासमोर धरलं. मग उलटं केलं आणि उलटी बाजू बराच वेळ बघितली. मग विचारलं, हे किती मीटर मिळेल? सहा महिन्यांनी पुन्हा मागितलं तर हाच रंग मिळेल का? धुतल्यावर किती आटतं? किती दिवसांत पोचेल? भाव तिनं शेवटी विचारला. आम्ही इतकी वर्षं समजत होतो की मोठा गिऱ्हाईक भावावर अडतो.

दुसरी आली, तिनंही कापड उलटं केलं. तिसऱ्यानंही तेच. तेव्हा आमच्यातली सगळ्यात मोठी हळूच म्हणाली, "माझ्या आजीच्या गोधडीला उलटी बाजू नसायचीच." खरंच आहे ते. जुनी गोधडी दोन्हीकडून सारखी. धावदोरा असा की गाठ कुठं लपली ते सापडायचं नाही. आम्ही विकायला लागल्यापासून खालच्या अंगाला स्वस्तातलं अस्तर लावायला लागलो, गाठी मोकळ्या सोडायला लागलो. कोण बघतंय खालून, असं म्हणायचो. बघणारे तिथं रांगेनं उभे होते.

आता डिझायनर लोकांना तिथं येऊन काय मिळतं, ते त्या पोरीच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. ती म्हणते, गावात बसून काम केलं तर जवळच्या दुकानात जे असेल तेच घरमालकाला दाखवावं लागतं. आणि दुकानात काय असतं? ज्यात दुकानदाराला जास्त सुटतं ते. डिझायनरलाही त्यात कमिशन मिळतं, हे ती स्वतः सांगते, लाजत नाही. पण प्रदर्शनात एका दिवसात शेकडो जणांचा माल हाताला लागतो. मोबाईलवर फोटो सगळेच बघतात. फोटोत कापडाचं वजन कळत नाही, खरखरीतपणा कळत नाही, रंगसुद्धा खरा दिसत नाही. बनवणाऱ्याशी थेट बोलता येतं, म्हणजे मधल्या दोन हातांचा खर्च कळतो. आणि कोण खरोखर बनवतो, कोण नुसता आणून विकतो, हे दोन प्रश्नांत उघडं पडतं.

ती त्याआधी एकदा गोरेगावलाच 'असेटेक' नावाच्या प्रदर्शनाला जाऊन आली होती. ते बांधकामाच्या आणि घराच्या आतल्या सामानाचं: फरश्या, नळ, प्लायवूड, बिजागऱ्या. तिथून ती जे शिकून आली ते आपल्या प्रत्येकीच्या घराला लागू आहे, म्हणून जरा विस्तारानं सांगतो. आपल्याकडं ओट्याखाली कपाट करायचं म्हटलं की सुतारदादा म्हणतात, "वॉटरप्रूफ प्लाय लावतो, काळजी नको." मग दोन पावसाळ्यांत सिंकखालचं दार फुगतं, लागत नाही. प्लायवूडवर छाप असतो. आयएस ३०३ लिहिलेलं प्लायवूड साध्या कपाटाला, पलंगाला चालतं, हवेतली ओल सोसतं. पण जिथं पाणी सांडतं, सिंकखाली, मोरीजवळ, तिथं आयएस ७१० छापाचं लागतं. ते महाग असतं, म्हणून सगळं घर त्याचं करायची गरज नाही, पाण्याजवळचं तेवढं करावं. आयएसआय शिक्का असला तर त्याखाली परवान्याचा नंबर असतो, आणि 'बीआयएस केअर' नावाच्या मोबाईल ॲपवर तो नंबर घालून खरा-खोटा तपासता येतो. हे तिला डिप्लोमाच्या पुस्तकात वाचलेलं ठाऊक होतं. पण दोन्ही तुकडे शेजारी शेजारी पाण्यात बुडवून ठेवलेले बघितले, तेव्हा ते पटलं. आता ती घरमालकिणीला सांगते, प्लाय आला की छाप तुम्ही स्वतः बघा, मगच सुताराला कापू द्या. तिच्यावर एक-दोन सुतार नाराज आहेत.

असली प्रदर्शनं काही मुंबईचीच नाहीत. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला हस्तकलेच्या निर्यातीचं मोठं प्रदर्शन वर्षातून दोनदा भरतं, त्याची सुरुवात १९९४ची. जर्मनीत फ्रँकफर्टला घरगुती कापडाचं प्रदर्शन १९७१ पासून भरतंय, इटलीत मिलानला फर्निचरचं १९६१ पासून. आणि सगळ्यात गाजलेलं म्हणजे १८५१ साली लंडनला काचेचा महाल बांधून भरवलेलं. तो महाल पुढं लंडनजवळच दुसऱ्या जागी हलवला. आपल्या अजिंठ्याला राहून लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करणारा मेजर रॉबर्ट गिल तुम्हाला ठाऊक आहे, पारोच्या गोष्टीतला. त्यानं वर्षानुवर्षं खपून काढलेल्या मोठमोठ्या नकला त्याच काचेच्या महालात लावलेल्या होत्या, आणि १८६६च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. म्हणजे आपल्या तालुक्यातल्या छतावरची कमळं नि हंस प्रदर्शनाला आपल्या कितीतरी आधी जाऊन आले. आम्ही मात्र त्या छताखाली लहानपणापासून सहलीला गेलो आणि खाली बघून चपला शोधत बाहेर आलो. मुंबईहून आल्यावर मुद्दाम दोन नंबरचं लेणं बघायला गेलो, वही घेऊन. एकीचे मालक बरोबरच बोलले होते, फक्त क्रम उलटा झाला.

तर परत गोरेगावला. दुपारी जेवणाच्या ठिकाणी त्या झोळीवाल्या बाई शेजारच्या टेबलावर आल्या. पोरीनं ओळख काढली. आम्ही विकायचं काही नेलं नव्हतं, पण आमच्यातल्या एकीनं सांगितलेलं न ऐकता पिशवीत एक लहान गोधडी घातलीच होती. ती काढली. बाईंनी आधी उलटी बाजू बघितली, आणि आम्ही तिघींनी माना खाली घातल्या.

पण त्या फार नीट बोलल्या. म्हणाल्या, काम सुंदर आहे, मला हवंही आहे, पण मी तुमच्याकडून घेऊ शकत नाही, कारण उद्या मी वीस मागितल्या तर तुम्ही वीस वेगवेगळ्या द्याल. आम्ही म्हणालो, गोधडी वेगळीच असते, एकीसारखी दुसरी होत नाही, जुन्या लुगड्यांची असते ती. त्या म्हणाल्या, वेगळी असू द्या ना. चार गोष्टी ठरवून टाका: माप, किनारीचा रंग, अस्तराचं कापड आणि टाक्यांमधलं अंतर. एवढं सगळ्या वीसांत सारखं ठेवा. मधले तुकडे मनासारखे लावा. मग माझ्या हॉटेलात वीस खोल्यांत वीस बहिणी दिसतील, वीस अनोळखी बाया नाही.

हे एक वाक्य आम्हाला चार दिवसांच्या मजुरीपेक्षा महाग वाटलं.

सगळंच काही असं भारी नव्हतं. एका दालनात येत्या हंगामात घरात कोणते रंग चालतील ते मांडलं होतं, कापडं, कागद, दिवे लावून. डिझायनर लोक तिथं भरभर टिपून घेत होते. त्यांना त्याचा उपयोग असेल, गिऱ्हाईक विचारतं. आमचं मत असं झालं की आपण त्याच्या फार मागं लागू नये. आपल्याकडं कापड येईपर्यंत तो हंगाम संपतो आणि गठ्ठा पडून राहतो. शिवाय फुकट मिळतात म्हणून आम्ही दोन पिशव्या भरून छापील कॅटलॉग उचलले. दादरच्या जिन्यावर ते ओझं उचलताना जीव गेला. त्यातलं अर्धं आता चुलीजवळच्या फळीवर अंथरलंय. बऱ्याच गाळ्यांवर फोटो काढू देत नाहीत, विचारूनच काढावा. आणि हे आपल्यालाही लागू आहे. आपलं नवीन काम कुणीही मोबाईल पुढं केला की दाखवायचं नसतं.

आल्यावर गटात काय बदललं ते सांगतो. सगळ्यात आधी अकराच्या अकरा टेप गोळा केले आणि एका दिवशी सगळ्यांसाठी एकाच दुकानातून एकाच प्रकारचे नवे आणले. जुने लेकरांना खेळायला दिले. एका जाड पुठ्ठ्यावर सोळा इंची चौकोन कापून प्रत्येकीला एकेक दिला. अभ्रा शिवून झाला की त्यावर ठेवून बघायचा. पडद्याची मापं भिंतीवर खडूनं लिहिली: खिडकी ५ फूट, दार ७ फूट, उंच दार ९ फूट. तरी ऑर्डर घेताना गिऱ्हाईकाकडून माप लिहून घ्यायचंच.

कापड आणलं की कापायच्या आधी त्यातला एक मीटर मापून धुवायचा, वाळवायचा, पुन्हा मापायचा. शंभराचे सत्त्याण्णव सेंटिमीटर झाले तर तेवढं आटणार हे कळलं, त्या हिशोबानं कापायचं. नाहीतर सगळं कापडच आधी पाण्यातून काढायचं. रंगासाठी पांढरं फडकं ओलं करून कापडावर जोरात घासायचं. फडक्याला रंग लागला तर ते कापड परत. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं आपण धरून चालतो. कच्चा रंग तेवढ्यानं पक्का होत नाही, आमच्या लाल पडद्याला आम्ही मीठच वापरलं होतं.

आणि कागद. हे फार मन लावून ऐका. आम्ही उद्यम नोंदणी केली. ही केंद्र सरकारची नोंदणी आहे, २०२० पासून चालू झालीय, ऑनलाइन होते आणि तिला एक रुपयाही फी नाही. कुणी पैसे मागितले तर समजून घ्या. या नोंदणीचा फायदा असा की आपल्यासारख्या लहान उद्योगाचा माल घेणाऱ्यानं पैसे कधी द्यायचे याला कायदा आहे, २००६चा. लेखी ठरलेलं असेल तर ठरलेल्या तारखेला, पण ती तारीखही ४५ दिवसांच्या पुढं ठेवता येत नाही. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर व्याज द्यावं लागतं, आणि तेही बँक दराच्या तिप्पट. तक्रारीसाठी सुविधा परिषद असते, अर्ज ऑनलाइन करता येतो. पण नोंदणी माल देण्याच्या आधीची हवी आणि ऑर्डर, पावती हे कागद हवेत. आमच्या लॉजच्या पैशांच्या वेळी यातलं काहीच नव्हतं, म्हणून ते गेले ते गेलेच.

नोंदणी झालेल्या लहान उद्योगांना व्यापारी प्रदर्शनात गाळा लावायचा असेल तर भाड्यात मदत देणाऱ्या सरकारी योजना आहेत, महिलांना त्यात जास्त सवलत असते. जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. आम्ही अजून गाळा लावलेला नाही. आमची अजून तेवढी तयारी नाही, असं आमचं आम्हालाच वाटतं. एका ऑर्डरला वीस द्यायच्या म्हटलं तर दमछाक होते, गाळ्यावर कुणी दोनशे मागितल्या तर काय सांगणार?

त्या झोळीवाल्या बाईंना आम्ही चार महिन्यांनी दोन नमुने पाठवले. एक त्यांनी परत पाठवला, चिठ्ठी लावून: टाक्यांमधलं अंतर एका कोपऱ्यात वाढलंय. कोपरा कुणी शिवला होता ते सगळ्यांना ठाऊक होतं, तिनं स्वतःच तो उसवला. तिसरा नमुना पसंत पडला. मग बारा गोधड्यांची ऑर्डर आली, लेखी, मापासकट. अर्धा इसार आम्ही आधी मागितला. मागताना फोनवर आवाज कापत होता, वाटत होतं ऑर्डर जाईल. त्या म्हणाल्या, "मागायलाच हवा होता." राहिलेले पैसे पंचविसाव्या दिवशी खात्यात आले. फार मोठी रक्कम नाही ती. गटाच्या जुन्या कर्जातला शेवटचा हप्ता तेवढा त्यातून गेला, आणि त्या रात्री पहिल्यांदा आम्ही गट सोडून गेलेल्या दोघींच्या घरी गेलो. एकीनं चहा केला. दुसरी अजून विचार करतेय.

यंदा जुलैत पुन्हा जायचंय. तिघी नव्या जाणार, आधीच्या तिघी निंदणीला राहणार, असं ठरलंय. पोरगी बरोबर आहेच, तिला तिच्या एका कामासाठी पडद्याचं कापड बघायचंय. शेजारच्या गटातल्या दोघींना यायचं असेल तर कार्डं आधी छापून घ्या, नाव आम्ही नोंदवून देऊ. पायात जुन्या, सवयीच्या चपला घाला, दिवसभर चालावं लागतं. पाण्याची बाटली, वही, पेन. आणि टेप. नवा.